पोलीस स्मारकाची वर्षभराची निगा: दगडावर नावं कोरणाऱ्याचे चार शब्द

पोलीस स्मारकासाठी आपणही काही करावं असं वाटणारी माणसं मला बहुतेक ऑक्टोबरच्या मध्यावर भेटतात. एकवीस तारीख, म्हणजे पोलीस स्मृतिदिन, जवळ आलेली असते आणि कुणीतरी दुकानात येऊन विचारतं, "भाऊ, आम्हालाही हातभार लावायचा आहे. काय करू?" मी त्यांना सांगतो, आज फक्त ओळख करून घ्या आणि अक्षरांच्या कामाला फेब्रुवारीत या. ऐकणाऱ्याला हे तुटक वाटतं. पण त्यामागे दगडाचा, नागपूरच्या पावसापाण्याचा आणि पोलिसांच्या बंदोबस्ताचा हिशेब आहे, तो इथे मांडतो.

मी गिट्टीखदानला दगडावर अक्षरं कोरायचं आणि रंगवायचं काम करतो. कोनशिला, समाध्या, शाळांचे नामफलक, देणगीदारांच्या याद्या, सगळं करतो. वडील पोलीस दलात हवालदार होते, माझं लहानपण टाकळीच्या पोलीस लाइनीत गेलं. म्हणून पोलीस स्मारकाचं काम आलं की मी ते दुसऱ्या कारागिराकडे देत नाही. मला विचाराल तर स्मारकावरचं प्रत्येक नाव हातभर अंतरावरून वाचता आलं पाहिजे आणि ते बरोबर लिहिलेलं असलं पाहिजे. बाग, कारंजं, दिवे, नवा रंग ही सगळी त्यानंतरची कामं.

जागा कोणाची, ते आधी

फडकं-बादली घेऊन थेट जाऊ नका. स्मारक पोलीस मुख्यालयाच्या, पोलीस ठाण्याच्या किंवा राज्य राखीव दलाच्या आवारात असेल तर ते त्या घटकप्रमुखाच्या ताब्यात असतं आणि रोजची व्यवस्था बहुतेक राखीव पोलीस निरीक्षकाकडे असते, म्हणजे ज्यांना सगळे आरपीआय साहेब म्हणतात त्यांच्याकडे. चौकात किंवा रस्त्याच्या कडेला असेल तर महापालिका, त्यातही बगिचा उद्यान विभागाचा आणि चौथरा बांधकाम विभागाचा असं असू शकतं. तिसरा प्रकार गावातला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या गावांत शाळेसमोर किंवा ग्रामपंचायतीजवळ गावच्या हुतात्म्याचा पुतळा नाहीतर स्तंभ दिसतो. तो कधी गावकऱ्यांनी बांधलेला असतो, कधी घरच्यांनी. तिथे सरपंचांना आणि त्या घराला, दोघांनाही विचारावं लागतं.

तोंडी विचारून कुणी नीट सांगत नसेल तर साधं पत्र द्या. त्यावरही उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण माझं मत असं की सुरुवात अर्जाने करू नये. ज्यांच्या सहकाऱ्यांची नावं त्या दगडावर आहेत त्यांच्याशी आधी समोरासमोर बोलावं. मी बघितलंय, मुख्यालयातला एखादा जुना हवालदार त्या स्मारकाबद्दल जे सांगतो ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं.

पत्र असं चालतं:

"प्रति, मा. पोलीस उपायुक्त (मुख्यालय), नागपूर शहर. विषय: पोलीस हुतात्मा स्मारकाच्या नियमित स्वच्छतेसाठी व नामफलकाच्या देखभालीसाठी परवानगी मिळणेबाबत. महोदय, आम्ही खाली सही करणारे रहिवासी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत स्मारकाची साध्या पाण्याने स्वच्छता करू इच्छितो. कोणतेही रसायन, यंत्र वा रंग आपल्या लेखी परवानगीशिवाय वापरणार नाही. आवारात छायाचित्रण करणार नाही. येणाऱ्यांची नावे व ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपल्या कार्यालयातील एक जबाबदार व्यक्ती नेमून द्यावी ही विनंती."

यातली "छायाचित्रण करणार नाही" ही ओळ गाळू नका. पोलीस आवारात शस्त्रागार असतं, वाहनं असतात, त्यांना सुरक्षेची काळजी असते. ती ओळ वाचली की समोरच्या साहेबांचा अर्धा विचार तिथेच बदलतो. नोंदीसाठी नावांचे फोटो लागतील तेव्हा वेगळी परवानगी मागा. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा, तिची पुढे गरज पडते.

दगड ओळखल्याशिवाय पाणीही टाकू नका

आपल्याकडच्या स्मारकांत चार तऱ्हेचे दगड दिसतात. काळा पॉलिशचा ग्रॅनाइट, पांढरा संगमरवर, चौथऱ्याला आणि पायऱ्यांना हिरवट-करडा कोटा, आणि जुन्या बांधकामात इथलाच काळा पाषाण. ग्रॅनाइट आणि पाषाण तगडे. संगमरवर आणि कोटा चुन्याच्या जातीचे, त्यांना आंबट अजिबात सोसत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड, यांतलं काहीही लागलं की पॉलिश जळतं आणि जागा कायमची खरबरीत होते. मग त्या खरबरीत जागेत धूळ जास्त बसते, लोक जास्त घासतात, आणि दगड वर्षा-दोन वर्षांत म्हातारा दिसू लागतो. ग्रॅनाइटलाही ॲसिड नको, कारण दगड टिकला तरी सांध्यातलं सिमेंट आणि आतली लोखंडी पकड टिकत नाही.

लागतं काय, तर दोन बादल्या, मऊ नायलॉनचे ब्रश, जुने दात घासायचे ब्रश, सुती फडकी, बांबूच्या तासून घेतलेल्या चपट्या काड्या. तारेचा ब्रश, लोखंडी पटाशी, घासणी, गाड्या धुवायचं प्रेशर मशीन, हे आवारातही आणू नका. मशीनचा फवारा कोरलेल्या अक्षरातला रंग उडवतो आणि सांध्यांत पाणी घुसवतो.

पाणी नळाचंच घ्या. आपल्या नळाला पेंचचं पाणी येतं, ते त्यामानाने मऊ असतं. बोअरचं पाणी वाळलं की काळ्या ग्रॅनाइटवर चहाच्या किटलीच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर धरतं आणि तो काढताना पॉलिशवर ओरखडे येतात. मुख्यालयातले एक शिपाई मला नेहमी आठवण करून द्यायचे, "काका, बोरचं नका घेऊ, मी टाकीतून आणून देतो."

धुताना खालून वर जायचं. वरून सुरुवात केली की मळकं पाणी कोरड्या दगडावरून ओघळतं आणि त्याचे पट्टे राहतात. खालचा भाग आधी ओला असला की वरून आलेला मळ तिथे चिकटत नाही. पूर्ण झाल्यावर स्वच्छ पाणी वरून खाली सोडा आणि सुती फडक्याने टिपून घ्या. साध्या पाण्याने निघालं नाही तरच भांड्याच्या साबणाचे चार थेंब बादलीभर पाण्यात. पक्ष्यांची घाण कोरडी खरवडू नका, ओलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, आपोआप सुटते.

एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी आठच्या आत संपवायचं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, काळा ग्रॅनाइट दहा वाजताच हात लावू देत नाही. तापल्या दगडावर पाणी क्षणात आटतं आणि डाग सोडून जातं.

पावसाळ्यात उत्तरेकडच्या बाजूला हिरवं शेवाळ धरतं. ते ओलं असताना बांबूच्या काडीने आणि ब्रशने काढा. ब्लीचिंग पावडर टाकायचा मोह होतो, कारण लगेच पांढरं दिसतं. पण त्यातले क्षार दगडात मुरतात आणि उन्हाळ्यात पापुद्रे काढतात.

पितळी फलक असेल तर आधी नीट बघा, त्यावर पारदर्शक लॅकर आहे का. असेल तर पितांबरी, चिंच, मीठ काहीच नको, फक्त ओलं फडकं. लॅकर नसेल तरी दर महिन्याला घासून चमकवू नका. उठावाची अक्षरं झिजतात आणि पावडर खाचेत बसून पांढरी होते. वर्षातून एकदा हलक्या हाताने पॉलिश आणि त्यावर मेणाचा पातळ हात, एवढं पुरतं.

अक्षरं

हा माझ्या कामाचा गाभा, म्हणून थोडं लांबेल.

कोरलेल्या अक्षरात भरलेला रंग सगळ्यात आधी पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला उडतो, कारण दुपारचं ऊन तिथे. देवनागरीत पहिला बळी जातो तो अनुस्वार. तो ठिपका लहान आणि उथळ, त्यात रंग धरत नाही. वर कुंभारमाशीला तो खळगा घर करायला आवडतो, ती त्यात माती भरते. लांबून बघितलं तर "पुंगाटी" चं "पुगाटी" झालेलं असतं आणि "गंगाधर" चं "गगाधर". त्यानंतर रफार जातो, मग जोडाक्षरातला पायाचा तुकडा. म्हणून महिन्याच्या सफाईत एकाने फक्त हेच काम घ्यावं: ओळीओळीने बोट फिरवत प्रत्येक अनुस्वार, रफार, काना बघायचा आणि काडीने माती काढायची. लहान मुलांना हे काम फार छान जमतं. त्यांची बोटं बारीक असतात, आणि नावं मोठ्याने वाचत करतात.

रंग भरायचं काम कसबी माणसाकडूनच करून घ्या, पण ते कसं व्हायला हवं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. जुना सुटा रंग बांबूने काढायचा, पटाशीने नाही. खाच ब्रशने साफ करायची. मग दगड पुरता वाळू द्यायचा. वरून कोरडा दिसणारा दगड आतून ओला असू शकतो, पावसानंतर तर हमखास. ओल्या खाचेत भरलेला रंग होळीपर्यंत फुगून निघतो. झिरो नंबरच्या ब्रशने बाहेरच्या कामाचं चांगलं इनॅमल भरायचं, एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ. काठावर सांडलेला रंग पुसताना सुती फडकं लाकडाच्या गुटक्यावर घट्ट ताणून गुंडाळायचं, टर्पेंटाइनचा अगदी हलका ओलावा द्यायचा आणि सपाट फिरवायचं. बोटाला फडकं गुंडाळून पुसलं तर बोट खाचेत उतरतं आणि भरलेला रंग बाहेर काढतं. या एका चुकीमुळे कितीतरी फलकांची अक्षरं मधोमध पुसट दिसतात.

ग्रॅनाइटवर पांढरा किंवा फिका पिवळा रंग घ्या. डब्यातला सोनेरी रंग उद्घाटनाच्या दिवशी देखणा दिसतो, पण बाहेरच्या हवेत तो काळवंडतो. खरा सोन्याचा वर्ख टिकतो, पण त्याला खर्च आणि कारागीर दोन्ही लागतात. संगमरवरावर तेलाचा रंग भरताना फार जपायचं, तेल दगडात पसरतं आणि अक्षराभोवती पिवळी कड धरते. तिथे आधी खाचेत सीलरचा हात द्यायला सांगा.

महाराष्ट्र पोलिसांचं "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" हे ब्रीद जवळजवळ प्रत्येक फलकावर असतं. त्यातला "द्र" रंगवताना हमखास बिघडतो, शेपूट भरली जाते आणि तो नुसता "द" उरतो. काम ताब्यात घेण्याआधी ही ओळ स्वतः वाचून बघा.

आता महिन्याचं गणित. या कामासाठी दगड आतपर्यंत कोरडा हवा आणि तापलेला नको. नागपुरात हे दोन्ही फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत जुळतं. डिसेंबरात थंडी चांगली असते, पण हिवाळी अधिवेशनासाठी सगळं पोलीस दल बंदोबस्तात असतं, आवारात बाहेरच्या तुकड्या उतरलेल्या असतात, परवानगी द्यायला आणि सोबत उभं राहायला माणूस मिळत नाही. ऑक्टोबरात पाऊस नुकताच गेलेला असतो, कधी गेलेलाही नसतो.

नावांची वही

पुसट झालेलं नाव अंदाजाने रंगवू नये. तिथे थांबायचं. त्याआधी एक वही तयार करायची आणि हे काम कोणताही सामान्य नागरिक उत्तम करू शकतो, त्याला हातात कला लागत नाही.

वहीत प्रत्येक नावासाठी एक पान. दगडावर आज जसं दिसतं तसं नाव, जसंच्या तसं. हुद्दा. बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, असेल तर तो. वीरमरणाची तारीख आणि ठिकाण. कोणत्या बाजूला, वरून कितवी ओळ. अक्षराची आजची अवस्था. आणि एक रिकामा रकाना, कार्यालयीन नोंदीशी ताडून पाहिल्याच्या सहीसाठी. पुसट अक्षर वाचायचं असेल तर सूर्य डोक्यावर असताना वाचू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. खाचेची सावली पडते आणि रंग पूर्ण गेलेलं नावही उठून दिसतं. परवानगी घेतली असेल तर त्याच प्रकाशात फोटो काढा.

आडनावांकडे विशेष लक्ष द्या. गडचिरोली भागातल्या जवानांची आडनावं, मडावी, आत्राम, उसेंडी, कुमोटी, नैताम, पुंगाटी, इथल्या आदिवासी घरांची आहेत. दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात संगणकावर अक्षरं जुळवून फलक बनवून आणला की "मडावी" चं "माडवी" होऊन येतं. त्या घरच्या माणसाने तो दगड बघितला तर त्याला काय वाटेल, याचा विचार करा. पण चूक दिसली म्हणून स्वतः दुरुस्त करायची नाही. वहीत लिहायचं, कार्यालयाला पत्र द्यायचं, त्यांनी सेवापुस्तकाशी ताडून लेखी कळवल्यावरच छिन्नी लावायची. हुद्द्याचंही तसंच. पोलीस नाईक हे पद महाराष्ट्रात आता राहिलेलं नाही, म्हणून कुणाला वाटतं जुन्या फलकावरही हवालदार करावं. करू नये. वीरमरण आलं तेव्हा जो हुद्दा होता तोच दगडावर राहतो.

वही करताना तारखा समोर येतात आणि माणूस हलतो. ८ ऑक्टोबर २००९, भामरागड तालुक्यातलं लाहेरी, सतरा पोलीस. १ मे २०१९, कुरखेड्याजवळचं जांभुळखेडा, शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान, ऐन महाराष्ट्र दिनी. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईतल्या नावांत हेमंत करकरे आहेत, जे आपल्याच शहरातल्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, १९७५ मध्ये इंजिनिअर होऊन बाहेर पडले होते. दिल्लीच्या चाणक्यपुरीत २१ ऑक्टोबर २०१८ ला राष्ट्रीय पोलीस स्मारकाचं उद्घाटन झालं, तिथल्या शौर्य भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर प्राण दिलेल्या चौतीस हजारांहून जास्त पोलिसांची नावं आहेत. एवढ्या नावांत आपल्या गावचं एक नाव नीट ठेवणं आपल्या हातात आहे. वहीतल्या तारखांची एक छोटी यादी भिंतीवर लावा आणि त्या त्या दिवशी सकाळी कुणीतरी जाऊन ती ओळ पुसून यावी. त्याला परेड लागत नाही.

एकवीस ऑक्टोबरचा आठवडा

२१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ करमसिंग यांच्या नेतृत्वाखालच्या पोलीस तुकडीवर चिनी सैन्याने हल्ला केला, दहा जवान गेले. त्यांचे देह १३ नोव्हेंबरला परत मिळाले. पुढच्या जानेवारीत पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने हा दिवस देशभर पाळायचं ठरवलं. या दिवशी शोक परेड होते, शस्त्रं उलटी धरून "शोक शस्त्र" दिलं जातं, आधीच्या वर्षभरात देशात प्राण दिलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात, बिगुल वाजतो.

आता या दिवसाच्या आधीचे दीड-दोन महिने नागपूर पोलिसांचे कसे जातात बघा. पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, विसर्जन, देवीचे दिवस, दसरा, आणि त्याच सुमारास दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारे लाखो लोक. ज्या शिपायांनी स्मारकाची तयारी करायची तेच रस्त्यावर उभे असतात. म्हणून बाहेरच्या मदतीची खरी गरज या वेळी असते आणि ती अगदी साध्या कामांची असते. पावसाळ्यात वाढलेलं गवत काढणं, पायऱ्यांवरचं शेवाळ काढणं म्हणजे परेडमध्ये कुणाचा पाय घसरणार नाही, कुंड्या आणणं, पाहुण्यांच्या खुर्च्या पुसणं. रंगाचा डबा या आठवड्यात उघडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

कुंड्यांसाठी महाराजबागेकडे चक्कर मारा. सुटी फुलं सीताबर्डीच्या नेताजी मार्केटात पहाटे घ्या. पुष्पचक्र बनवून घेताना फुलवाल्याला सांगा की मागची तार उघडी ठेवू नकोस, तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळ. दव पडलं की उघड्या तारेचा गंज दगडावर उतरतो आणि संगमरवरावरून तो निघत नाही. पुष्पचक्र दगडाला टेकवण्याऐवजी लाकडी तिकाटण्यावर ठेवा. झेंडूच्या पाकळ्या ओल्या दगडावर पडून राहिल्या तर पिवळा डाग धरतात, गुलाल-कुंकू त्याहून वाईट. पणत्या ताटात ठेवा, मेणबत्त्याही. मेण सांडलंच तर बर्फाचा खडा फिरवून कडक करा आणि बांबूच्या काडीने उचला.

सगळ्यात महत्त्वाचं काम बावीस तारखेच्या सकाळी असतं आणि त्या दिवशी कुणी फिरकत नाही. फुलं उचलणं, दगड धुणं, टिपून घेणं. तुम्ही वर्षातून एकच दिवस देऊ शकत असाल तर बावीस ऑक्टोबर द्या.

पाया आणि झाडं

आपली काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. चौथऱ्याच्या कडेला पाणी साचलं की एक बाजू वर उचलते आणि दगडांचे सांधे उघडतात. त्यामुळे जूनच्या आधी एकदा चौथऱ्याभोवती फिरून बघा, पाणी बाहेर वाहून जातं का. लॉनच्या स्प्रिंकलरचं तोंड दगडाकडे नको. सांध्यात पिंपळ किंवा उंबराचं रोप दिसलं तर ते बोटाएवढं असतानाच काढायला सांगा. मोठं झाल्यावर उपटलं तर सोबत दगड हलतो, तेव्हा तिथे गवंडीच हवा. मोठ्या मुळांची झाडं स्मारकापासून लांब लावा, जवळ लावायचं तर तगर, जास्वंद, कण्हेर.

पैशाचं

रोख कुणाच्या हातात देऊ नका, मागूही नका. वस्तू देणं सगळ्यात सरळ: ब्रश, फडकी, कुंड्या, रंगाचा डबा, पावतीसह, कार्यालयाच्या नावे पत्र देऊन. परिसरातून वर्गणी काढायची असेल आणि तुमची संस्था नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी घ्या, गणेश मंडळं घेतात तीच. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीने देऊन चालत नाही. "भारत के वीर" हा निधी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या हुतात्मा जवानांच्या कुटुंबांसाठी आहे, त्यात जरूर द्या, पण तो पैसा तुमच्या चौकातल्या स्मारकाला लागणार नाही हे लक्षात ठेवा.

आणि देणगीदाराचं नाव स्मारकावर नको. चौथऱ्यावर नको, बाकावर नको, कुंडीवरही नको. "सौजन्य" म्हणून पाटी लावायला सांगणारे लोक माझ्याकडे येतात, चांगले पैसे देतात. ती पाटी मी कोरत नाही. त्या जागी फक्त त्यांचीच नावं असावीत ज्यांनी प्राण दिले.

घरची माणसं

स्मारकावर कधी एखादी म्हातारी बाई एकटीच उभी दिसेल, किंवा तरुण मुलगा, हात जोडून एका विशिष्ट ओळीसमोर. सफाई थांबवा, बादली बाजूला घ्या, त्यांना जागा द्या. आपणहून प्रश्न विचारू नका, फोटो तर मुळीच नाही. ते आपणहून बोलले तर ऐका, सावलीत खुर्ची द्या, पाणी द्या. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांना नागपूर लांब पडतं, एसटीने दिवस मोडतो. वहीतल्या नावाबद्दल काही विचारायचं असेल तर कार्यालयाच्या मार्फत विचारा. एका वीरमातेने मला मुलाच्या नावाखालची तारीख बोटाने दाखवून सांगितलं होतं, "एवढा आकडा नीट कर रे बाबा, उन्हात दिसत नाही मले." घरची माणसं अशी नेमकी गोष्ट सांगतात. ती त्याच दिवशी वहीत लिहा आणि कार्यालयाला कळवा.

शेवटचं, अधिकाऱ्यांच्या बदल्यांबद्दल. तुमची ओळख झालेले साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात आणि त्यांच्याबरोबर तोंडी ठरलेलं सगळं जातं. म्हणून वहीच्या दोन प्रती ठेवा, एक कार्यालयात, एक तुमच्याकडे. नवे अधिकारी आले की पहिल्या पंधरवड्यात भेट मागा, शिक्क्याची जुनी प्रत आणि वही सोबत न्या, आणि फेब्रुवारीतल्या अक्षरांच्या कामाची तारीख त्याच भेटीत लिहून घ्या.